रक्ताच्या नमुन्यामागचे विज्ञान वकिलाने कुठे शोधावे

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणासमोरच्या एका प्रकरणात विमा कंपनीने दाखल केलेला रासायनिक विश्लेषकाचा अहवाल जेमतेम एका पानाचा होता. वर पोलीस ठाण्याच्या पत्राचा जावक क्रमांक, त्याखाली बाटलीवरचे लाखेचे सील शाबूत असल्याचा नेहमीचा उल्लेख आणि शेवटी निष्कर्षाची एक ओळ होती: मृताच्या रक्तात दर १०० मिलिलिटरमागे ७८ मिलिग्रॅम इथिल अल्कोहोल आढळले. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मधली मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. त्यामुळे मृत मोटारसायकलस्वार मर्यादेच्या अडीचपटीहून अधिक नशेत होता आणि अपघाताला त्याचा स्वतःचा निष्काळजीपणाही कारणीभूत होता, असे कंपनीच्या वकिलांचे म्हणणे होते. माझी अशील, म्हणजे पेशाने मेकॅनिक असलेल्या त्या मृताची पत्नी, नवऱ्याने दारूला कधी हात लावला नाही असे ठामपणे सांगत होती. अशिलाच्या अशा सांगण्याला कोर्टात फारसे वजन मिळत नाही आणि सही-शिक्क्याच्या कागदावरच्या आकड्याला मिळते, हे वीस वर्षांच्या वकिलीत मी अनेकदा पाहिले आहे.

त्या आकड्याच्या मागे काय आहे, हे समजून घ्यायला मला चार महिने लागले आणि त्यातले पहिले दोन महिने मी चुकीच्या ठिकाणी शोधत होते. न्यायसहायक विज्ञानातले, म्हणजे फोरेन्सिक सायन्समधले, संशोधन वकिलाला कुठे आणि कसे मिळते, हे आम्हाला विधी महाविद्यालयात कुणी शिकवले नाही आणि बार रूममध्येही त्यावर बोलणे होत नाही. म्हणून त्या शोधाची हकीकत इथे सविस्तर लिहिते आहे.

सवयीप्रमाणे मी आधी निकाल शोधले. रक्तातल्या अल्कोहोलचा वाद निघाला की आपल्याकडे १९६३ चा उखा कोल्हे विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल हटकून पुढे येतो. दारूबंदी कायद्याखालच्या त्या खटल्यात रक्ताची बाटली मधल्या दिवसांत कुणाच्या ताब्यात आणि कशा अवस्थेत होती, हा प्रश्न होता. त्याच्या आसपासचे आणखी पंधरा-वीस निकाल मी काढले, त्यांच्या प्रती केल्या, परिच्छेदांना खुणा केल्या. त्या सगळ्यांतून कोणत्या न्यायालयाने कोणत्या परिस्थितीत असा अहवाल मानला किंवा नाकारला, एवढे कळले. रक्तात अल्कोहोल कसे मोजतात, ते मोजमाप कधी चुकते आणि मृतदेहातल्या रक्ताच्या बाबतीत कोणती विशेष काळजी घ्यावी लागते, यातले काहीच कळले नाही. कळणे शक्यही नव्हते, कारण निकालपत्रात विज्ञान येते ते त्या खटल्यात कुणी मांडले असेल तेवढेच आणि ज्या वर्षी मांडले त्या वर्षापुरतेच. एखाद्या निकालात उद्धृत केलेला वैद्यकीय न्यायशास्त्राचा परिच्छेद पुढच्या निकालात जसाच्या तसा येतो, तिथून तो तिसऱ्यात जातो आणि चाळीस वर्षांनी तो कायद्याचा सिद्धांत असल्यासारखा वाचला जातो. मूळ पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत तो परिच्छेद बदललेला आहे का, हे तपासायला कुणी जात नाही. आपल्या कोर्टांत डॉ. जयसिंग मोदींच्या वैद्यकीय न्यायशास्त्र या ग्रंथाला जे स्थान आहे, ते आदरापोटी आहे आणि योग्यही आहे. पण त्या पुस्तकाची पहिली आवृत्ती १९२० सालची आहे आणि कपाटातली प्रत कोणत्या वर्षाची आहे हे आधी पाहिले पाहिजे. यातून माझी एक धारणा पक्की झाली आहे आणि ती मी ज्युनिअरना पुन्हा पुन्हा सांगते: कायदा निकालांतून शिकावा, विज्ञान निकालांतून शिकू नये.

वाट सापडली ती शवविच्छेदनाच्या अहवालात. अपघात मे महिन्यातला होता आणि टेम्पोच्या धडकेने पुलाखाली फेकला गेलेला तो माणूस तिसऱ्या दिवशी सापडला होता. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी शरीर फुगलेले, त्वचा सुटू लागलेली आणि पोटावर हिरवट डाग अशी नोंद केली होती. हे पान मी आधी दोन-तीन वेळा वाचले होते, पण ते मृत्यूच्या कारणासाठी. रक्ताच्या नमुन्याशी त्याचा संबंध जोडला नव्हता. मग मी शहरातल्या वैद्यकीय महाविद्यालयात न्यायवैद्यक शिकवलेल्या एका निवृत्त प्राध्यापकांकडे गेले. त्यांनी पान वाचले, चष्मा काढला आणि एकच गोष्ट विचारली: "बाटलीत सोडियम फ्लोराइड घातलं होतं का?" त्यानंतर त्यांनी मला एका चिठ्ठीवर इंग्रजीत तीन शब्द लिहून दिले: पोस्टमॉर्टेम इथेनॉल प्रॉडक्शन. मृत्यूनंतर शरीरात अल्कोहोल तयार होणे, असा त्याचा अर्थ.

त्या तीन शब्दांची किंमत मला त्याच रात्री कळली. तोपर्यंत मी इंटरनेटवर "ब्लड अल्कोहोल रिपोर्ट चॅलेंज" असे वकिली भाषेतले शब्द घालत होते आणि मला वकिलांनीच लिहिलेले लेख मिळत होते. शास्त्रज्ञ ज्या नावाने एखादी गोष्ट ओळखतात त्या नावाने विचारले की उत्तर देणारे बदलतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाचे पबमेड हे शोधस्थळ सर्वांना विनामूल्य खुले आहे. तिथे ते तीन शब्द घातल्यावर अनेक दशकांचे संशोधन समोर आले. पबमेडवर बहुतेक निबंधांचा फक्त सारांश दिसतो, पण त्याला जोडलेल्या पबमेड सेंट्रल या भांडारात हजारो निबंध संपूर्ण वाचता येतात. गूगल स्कॉलरवर एखाद्या निबंधाच्या खाली त्याचा आधार घेणारे नंतरचे निबंध कोणते, हे दाखवणारा दुवा असतो. जुना निबंध सापडला की त्या दुव्यावरून पुढे यायचे आणि नवा सापडला की त्याच्या संदर्भसूचीवरून मागे जायचे. अशा दोन-तीन फेऱ्या केल्या की कोणते लेखन पायाभूत मानले जाते आणि कुठे मतभेद आहेत, हे विज्ञानाची पदवी नसलेल्या माणसालाही दिसू लागते. सुरुवात मात्र नेहमी आढावा-निबंधापासून करावी. एका प्रयोगाचा एक निबंध हाती घेऊन कोर्टात जाणे धोक्याचे असते, कारण त्याच्या विरुद्ध निष्कर्षाचा दुसरा निबंध समोरच्या वकिलांना सापडू शकतो. आढावा-निबंधात दोन्ही बाजू एकत्र तोललेल्या असतात.

त्या वाचनातून मला जे कळले ते थोडक्यात सांगते, म्हणजे शोधाचा उपयोग कसा होतो हे लक्षात येईल. मृत्यूनंतर शरीरातले जिवाणू आणि यीस्ट रक्तातल्या साखरेवर जगतात आणि त्यातून इथिल अल्कोहोल तयार होते. उष्ण हवा आणि मधला वेळ या दोन गोष्टी त्याला पोषक ठरतात. नमुना बाटलीत घेतल्यानंतरही ही क्रिया चालू राहू शकते, म्हणून बाटलीत सोडियम फ्लोराइड घालतात आणि नमुना थंड जागी ठेवतात. असे तयार झालेले अल्कोहोल पुष्कळदा कमी प्रमाणात असते, पण काही वेळा बरेच जास्तही आढळले आहे. त्यामुळे केवळ आकड्यावरून ते प्यालेले की कुजण्यातून आलेले, हे सांगता येत नाही. ते सांगण्यासाठी इतर खुणा पाहाव्या लागतात. डोळ्याच्या आत काचेसारखा पारदर्शक द्रव असतो, ज्याला डॉक्टर व्हिट्रियस म्हणतात. त्याच्यापर्यंत जिवाणू उशिरा पोहोचतात, म्हणून त्यातले प्रमाण रक्ताशी ताडून पाहतात. कुजण्याच्या क्रियेत अनेकदा एन-प्रोपॅनॉल नावाचे दुसरे अल्कोहोलही तयार होते. ते नमुन्यात सापडले तर शंका घ्यायला जागा असते. जिवंतपणी प्यालेल्या दारूपासून यकृतात इथिल ग्लुकुरोनाइड हा पदार्थ बनतो आणि त्याची चाचणी करता येते. रक्त कुठून घेतले यालाही महत्त्व आहे: मांडीच्या शिरेतले रक्त अधिक विश्वासार्ह, तर छातीच्या पोकळीत साचलेल्या रक्तात जठरातले अल्कोहोल झिरपण्याची शक्यता असते. आमच्या प्रकरणात डोळ्यातला द्रव घेतलाच नव्हता आणि रक्त कुठून घेतले याची नोंद नव्हती.

सामान्य विज्ञान एवढे समजले, तरी याच नमुन्याची याच प्रयोगशाळेत कोणत्या पद्धतीने तपासणी झाली हा प्रश्न उरतोच. आणि माझ्या मते वकिलाने सर्वाधिक वेळ इथे द्यावा, कारण ही माहिती जगातल्या कोणत्याही निबंधात नसते. महाराष्ट्रात न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांच्या संचालनालयाचे मुख्यालय मुंबईत कलिना येथे आहे आणि नागपूर, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती अशा ठिकाणी प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत. प्रत्येक चाचणीची लेखी कार्यपद्धती प्रयोगशाळेकडे असणे अपेक्षित असते. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या न्यायसहायक विज्ञान सेवा संचालनालयानेही विषशास्त्र, डीएनए, शस्त्रे, दस्तऐवज अशा शाखांच्या कार्यपद्धतीच्या पुस्तिका प्रसिद्ध केल्या आहेत. त्या मी आता संगणकावर वेगळ्या कप्प्यात ठेवते, कारण सरकारी तज्ज्ञाला सरकारी पुस्तिकेवरून प्रश्न विचारला की त्या पुस्तिकेच्या अधिकाराबद्दल वाद उरत नाही.

प्रयोगशाळेची स्वतःची कार्यपद्धती मी माहितीच्या अधिकाराखाली मागितली. दहा रुपयांचे शुल्क आणि तीस दिवसांची मुदत, हे सर्वांना माहीत असते. अर्ज कसा लिहायचा यात मात्र फरक पडतो. विशिष्ट प्रकरणाची माहिती मागितली तर तपासाला बाधा येईल या कारणाने अर्ज नाकारला जाऊ शकतो. म्हणून मी प्रकरणाचा उल्लेख न करता, अमुक वर्षी रक्तातले अल्कोहोल मोजण्यासाठी कोणती लेखी पद्धती वापरात होती, तिची प्रत द्यावी एवढेच मागितले आणि ती मिळाली. तिच्यात दोन पद्धती दिल्या होत्या. एक हेडस्पेस गॅस क्रोमॅटोग्राफीची, जिच्यात नमुन्यातले वेगवेगळे बाष्पनशील पदार्थ एकमेकांपासून सुटे होऊन आलेखावर वेगळे दिसतात. दुसरी जुनी, डायक्रोमेटने ऑक्सिडीकरण करून मोजण्याची. या दुसऱ्या पद्धतीत रसायनाशी अभिक्रिया करणारे इतर पदार्थही मोजणीत येऊ शकतात. इथिल अल्कोहोल आणि एन-प्रोपॅनॉल तिला वेगळे ओळखता येत नाहीत. आमच्या अहवालात पद्धतीचे नावच नव्हते.

प्रयोगशाळेच्या मान्यतेबद्दलही इथेच लिहिते. राष्ट्रीय परीक्षण आणि अंशशोधन प्रयोगशाळा प्रत्यायन मंडळ, म्हणजे एनएबीएल, आयएसओ/आयईसी १७०२५ या मानकानुसार प्रयोगशाळांना मान्यता देते आणि ती कोणत्या चाचण्यांना लागू आहे, याची व्याप्ती त्यांच्या संकेतस्थळावर पाहता येते. प्रयोगशाळा मान्यताप्राप्त आहे, हे वाक्य अपुरे आहे. मान्यता चाचणीनिहाय असते आणि मुदतीची असते, त्यामुळे अहवालाच्या तारखेला ती विशिष्ट चाचणी त्या व्याप्तीत होती का, हे पाहावे. मान्यता नसली म्हणून निष्कर्ष खोटा ठरत नाही, पण विचारण्याजोगे प्रश्न त्यातून मिळतात.

महाराष्ट्रातल्या वकिलांसाठी आणखी एक स्थानिक साधन आहे आणि ते दुर्लक्षित राहिले आहे. दारूबंदी कायद्याखालच्या १९५९ च्या वैद्यकीय तपासणी व रक्तचाचणी नियमांत रक्त कसे घ्यावे याचे बारकावे आहेत: सिरिंज उकळत्या पाण्याने निर्जंतुक करावी, रक्त घेताना कुठेही अल्कोहोलचा स्पर्श होऊ देऊ नये, बाटलीत रक्त न गोठू देणारे द्रव्य आणि परिरक्षक, म्हणजे नमुना खराब होऊ न देणारे द्रव्य, असावे. हे नियम जिवंत व्यक्तीसाठी आहेत आणि मृतदेहाच्या नमुन्याला ते आपोआप लागू होत नाहीत, हे मान्य करूनच मी ते न्यायाधिकरणासमोर ठेवले. परिरक्षकाचे महत्त्व या राज्यात साठ वर्षांहून अधिक काळ नियमांतच लिहिलेले आहे, एवढाच माझा मुद्दा होता.

आता जगभरच्या विनामूल्य साधनांबद्दल. ती पुष्कळ आहेत आणि सगळी वाचणे शक्य नाही, म्हणून मी वाचनाचा जो क्रम ठरवला आहे तो सांगते. नवख्या वकिलाने आधी लंडनची रॉयल सोसायटी आणि एडिनबरोची रॉयल सोसायटी यांनी न्यायाधीशांसाठी तयार केलेल्या छोट्या पुस्तिका वाचाव्यात. डीएनएवरची पुस्तिका २०१७ मध्ये आली. चालण्याच्या ढबीवरून ओळख पटवणे, न्यायालयातली संख्याशास्त्राची मांडणी असे विषयही त्या मालिकेत आहेत. शास्त्रज्ञ आणि न्यायाधीश यांनी मिळून तयार केलेल्या असल्यामुळे त्यांची भाषा कायद्याच्या माणसाला परकी वाटत नाही. त्यानंतर अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेचा २००९ चा अहवाल वाचावा. डीएनए वगळता न्यायसहायक विज्ञानाच्या बहुतेक तुलनात्मक शाखांचा शास्त्रीय पाया पुरेसा तपासलेला नाही, हे इतक्या अधिकाराने तोपर्यंत कुणी सांगितले नव्हते. राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार परिषदेने २०१६ मध्ये तीच चर्चा पुढे नेली आणि ठसे, गोळ्यांवरच्या खुणा, चाव्याचे व्रण, अनेकांच्या डीएनएचे मिश्रण अशा एकेका पद्धतीत चुका होण्याचे प्रमाण काय, हा प्रश्न विचारला. हे दोन्ही अहवाल अमेरिकेतल्या व्यवस्थेबद्दल आहेत. आपल्या कोर्टात ते बंधनकारक तर नाहीतच, आणि तिथल्या प्रयोगशाळांच्या त्रुटी इथल्या प्रयोगशाळांवर चिकटवणेही बरोबर नाही. पद्धतीबद्दल कोणता प्रश्न विचारायचा, हे मात्र ते उत्तम शिकवतात.

बोटांच्या ठशांबद्दल आपल्याकडे जी निःशंक श्रद्धा आहे, तिच्यासाठी २००४ चे ब्रँडन मेफिल्ड प्रकरण प्रत्येक वकिलाने वाचावे. माद्रिदमधल्या रेल्वे स्फोटांच्या तपासात एका पिशवीवर मिळालेला ठसा अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या या माणसाचा आहे, असे एफबीआयच्या अनुभवी तज्ज्ञांनी ठामपणे सांगितले, त्याला ताब्यात घेतले आणि नंतर तो ठसा दुसऱ्याच माणसाचा निघाला. मेफिल्ड स्वतः वकील होता. अमेरिकेच्या न्याय विभागाच्या महानिरीक्षकांनी या चुकीची जी चौकशी केली, तिचा अहवाल विनामूल्य वाचता येतो आणि तज्ज्ञाचे मन पहिल्या निष्कर्षाला कसे चिकटून बसते, हे त्यात टप्प्याटप्प्याने दिसते. ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत घडवण्यात आपल्याच देशातल्या अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचा मोठा वाटा होता आणि १८९७ मध्ये कोलकात्यात जगातले पहिले ठसे कार्यालय उभे राहिले, याचा मला अभिमान आहे; म्हणूनच या शाखेच्या मर्यादाही आपण नीट जाणून घ्याव्यात असे मला वाटते.

एखाद्या चाचणीचे आजचे मान्य मानक कोणते, हे पाहायचे असेल तर अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेखालची ओसॅक ही व्यवस्था आणि युरोपातल्या प्रयोगशाळांची एन्फसी ही संघटना यांची प्रकाशने उपयोगी पडतात. एन्फसीच्या उत्तम कार्यपद्धतीच्या पुस्तिका विनामूल्य उतरवून घेता येतात. इंटरपोलच्या परिषदेसाठी दर तीन वर्षांनी प्रत्येक शाखेतल्या नव्या संशोधनाचा आढावा लिहिला जातो आणि अलीकडचे आढावे फोरेन्सिक सायन्स इंटरनॅशनल: सिनर्जी या खुल्या नियतकालिकात वाचता येतात. वेळ कमी असेल तर मी थेट तिथे जाते.

भारतातल्या परिस्थितीवरचे लेखन कमी आहे, पण वाढते आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात प्रोजेक्ट ३९ए या नावाने तेव्हा काम करणाऱ्या गटाने देशातल्या न्यायसहायक प्रयोगशाळांची मनुष्यबळ, साधने आणि प्रलंबित कामे यांच्या अंगाने पाहणी करून २०२३ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. आपल्या प्रयोगशाळांतले अधिकारी कोणत्या ताणाखाली काम करतात हे त्यातून कळते आणि उलटतपासणीतला सूरही त्यामुळे बदलतो. गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाची शाखा आता गोव्यातही आहे, आणि नागपूर, मुंबई व छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. या संस्थांतल्या प्राध्यापकांना नम्रपणे पत्र लिहिले तर पुष्कळदा उत्तर येते, असा माझा अनुभव आहे. निबंध हवा असेल तर लेखकालाच मेल करावा; अनेक शास्त्रज्ञ स्वतःच्या निबंधाची प्रत आनंदाने पाठवतात.

निकालांतून विज्ञान शिकू नये असे मी वर म्हटले, पण न्यायालय तज्ज्ञाकडून काय अपेक्षा ठेवते हे निकालांतूनच शिकावे लागते. राहुल विरुद्ध दिल्ली राज्य या २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डीएनए अहवालाचा आधार काय आणि तज्ज्ञाने तंत्र विश्वासार्ह रीतीने वापरले का, याची खालच्या न्यायालयांनी तपासणीच केली नाही, असे नोंदवले. प्रकाश निषाद विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २०२३ च्या, ठाणे जिल्ह्यातल्या प्रकरणात नमुने पाठवायला झालेला उशीर आणि ताब्याच्या साखळीतल्या, म्हणजे नमुना कधी कुणाकडे होता याच्या नोंदीतल्या, त्रुटी यांमुळे डीएनएचा पुरावा टिकला नाही आणि फाशीची शिक्षा रद्द झाली. २०२५ च्या कट्टवेल्लै निकालात तर नमुना घेतल्यापासून ४८ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचावा आणि ताब्याच्या साखळीची नोंदवही ठेवावी, असे निर्देशच दिले गेले. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-एससीआर या संकेतस्थळावर हे निकाल विनामूल्य मिळतात आणि अनेक निकालांचा मराठी अनुवादही तिथे असतो. अशिलाला समजावून सांगताना त्याचा उपयोग होतो. सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) ने बंधनकारक ठरवले आहे आणि राज्यांना त्याच्या अंमलबजावणीसाठी पाच वर्षांची मुदत आहे. तालुक्याच्या कोर्टातही असे अहवाल आता रोजचे होणार आहेत.

शोधलेले संशोधन कोर्टात कसे आणायचे, हा प्रश्न ज्युनिअर नेहमी विचारतात. निबंधाची छापील प्रत युक्तिवादाच्या वेळी न्यायाधीशांच्या हाती देणे हा त्याचा सर्वांत दुबळा उपयोग आहे. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ३९ खाली तज्ज्ञाचे मत ग्राह्य आहे आणि कलम ४० खाली त्या मताला दुजोरा देणाऱ्या किंवा छेद देणाऱ्या गोष्टीही संबद्ध ठरतात. म्हणून जे वाचले ते तज्ज्ञाला प्रश्नाच्या रूपात विचारावे आणि त्याचे उत्तर नोंदीवर यावे. विज्ञानाच्या बाबतीत न्यायालय योग्य संदर्भग्रंथ पाहू शकते, ही कलम ५२ मधली तरतूद त्यानंतर कामी येते. फौजदारी खटल्यात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ खाली शासकीय तज्ज्ञाचा अहवाल त्याला न तपासताही वाचला जातो. त्या यादीत रासायनिक परीक्षकापासून मुंबईच्या हाफकिन संस्थेच्या संचालकापर्यंत अनेकांचा समावेश आहे. पण तज्ज्ञाला बोलावण्याचा न्यायालयाचा अधिकार त्याच कलमात आहे आणि आपण तसा अर्जच करत नाही, हे आपले अपयश आहे. न्यायाधिकरणासमोर मी मोटार वाहन कायद्याच्या कलम १६९ चा आधार घेऊन विश्लेषकांना साक्षीसाठी आणि चाचणीच्या मूळ नोंदींसाठी बोलावण्याचा अर्ज केला.

एका धोक्याबद्दल लिहिले नाही तर हा लेख अपुरा राहील. कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारून मिळालेले संदर्भ मूळ निबंध उघडून पाहिल्याशिवाय कधीही वापरू नयेत. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका संघीय न्यायालयाने अस्तित्वात नसलेले निकाल उद्धृत केल्याबद्दल वकिलांना पाच हजार डॉलर दंड केला, तसे शास्त्रीय निबंधांच्या बाबतीतही होऊ शकते: खऱ्या नियतकालिकाचे नाव, खरे वाटणारे शीर्षक, आणि निबंध मात्र कुणी लिहिलेलाच नाही. निबंध खरा असला तरी तो नंतर मागे घेतलेला नाही ना, हे रिट्रॅक्शन वॉचच्या विनामूल्य नोंदीत पाहावे.

विश्लेषक साक्षीला आले ते मूळ नोंदवही घेऊन. शांत, नेमके बोलणारे गृहस्थ होते आणि त्यांनी एकही उत्तर टाळले नाही. चाचणी डायक्रोमेटच्या पद्धतीने केली होती, असे त्यांनी सांगितले. या पद्धतीत एन-प्रोपॅनॉल वेगळे दिसत नाही, हे मान्य केले. नमुन्यासोबत आलेल्या फॉर्मवर परिरक्षकाचा रकाना भरलेला होता का, असे मी विचारले. त्यांनी फॉर्म पाहिला, तो न्यायाधीशांकडे वळवून दाखवला आणि म्हणाले, "कोरा आहे." शरीर कुजण्याच्या अवस्थेत असल्याची माहिती प्रयोगशाळेला कळवली होती का, यावर त्यांचे उत्तर "नाही" असे होते. कळवले असते तर आणखी कोणता नमुना मागितला असता, हे त्यांनी आपणहून सांगितले: डोळ्यातला द्रव. न्यायाधिकरणाने त्या अहवालावर विसंबून मृताचा निष्काळजीपणा ठरवता येणार नाही असा निष्कर्ष काढला आणि नुकसानभरपाईत कपात केली नाही.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात माझ्या अशिलाने मला विचारले, "मॅडम, म्हणजे ते प्यायलेले नव्हते, असं लिहिलंय ना?" मी तिला निकालपत्रातला तो परिच्छेद वाचून दाखवला. ताई, त्या बाटलीवरून ते प्यायले होते असे म्हणता येत नाही, एवढेच यात लिहिले आहे, असे मी सांगितले. प्यायले नव्हते, असे त्या बाटलीवरून मलाही म्हणता येणार नव्हते, कारण ते सांगू शकणारा नमुना त्या दिवशी कुणी घेतलाच नव्हता. तिने निकालपत्राची प्रत घडी करून पिशवीत ठेवली आणि म्हणाली, "ते मला माहीत आहे. कागदावर नसलं तरी चालेल."